रुसलेली विद्युत् स्कूटर

पेट्रोलवर चालणारी स्कूटर बंद पडली तर काय करायचे, हे बहुतेक घरांत कुणाला ना कुणाला ठाऊक असते. प्लग काढून पुसायचा, गाडी थोडी आडवी करायची, दहा किका मारायच्या. नाहीच जमले तर ढकलत मेकॅनिककडे न्यायची. पण विद्युत् स्कूटर रुसली तर? तिला ना किक, ना प्लग, ना कार्बुरेटर. किल्ली फिरवली, मूठ पिळली आणि गाडी जागची हलली नाही, तर माणूस नुसता तिच्याकडे पाहत उभा राहतो. मग कुणीतरी उत्साही काका पाना आणि पक्कड घेऊन पुढे सरसावतात. खरा धोका इथूनच सुरू होतो.

विद्युत् वाहने नागपूरकरांना आता नवी राहिलेली नाहीत. २६ मे २०१७ रोजी टॅक्सी, बस, रिक्षा अशा दोनशे विद्युत् वाहनांचा प्रयोग देशात प्रथम याच शहरात सुरू झाला. आज तुमच्या शाळेतले सर, बाई, शेजारचे दूधवाले असे कितीतरी जण विद्युत् स्कूटर वापरताना दिसतात. तेव्हा तिच्या पोटात काय असते, ती का रुसते, घरच्या घरी तिची कोणती दुरुस्ती करता येते आणि कोठे हात आवरता घ्यावा लागतो, हे आज आपण पाहू. यासाठी लागणारे भौतिकशास्त्र तुमच्या नववी-दहावीच्या पुस्तकातलेच आहे.

स्कूटरच्या पोटात काय असते?

मुख्य भाग चारच: बॅटरी, नियंत्रक म्हणजे कंट्रोलर, मागच्या चाकातील मोटार आणि अ‍ॅक्सिलरेटरची मूठ. बाकीचे दिवे, भोंगा, कुलूप हे सारे सोबती.

बॅटरी म्हणजे विद्युत्घटांची माळ. आजच्या बहुतेक स्कूटरमध्ये लिथियम-आयन घट असतात. अशा एका घटाचा विद्युत्दाब साधारण ३.७ व्होल्ट असतो. एकापुढे एक असे १३ घट एकसर जोडले की १३ × ३.७ = ४८.१ व्होल्ट होतात. हीच बाजारातली '४८ व्होल्टची बॅटरी'. ती पूर्ण भरली की प्रत्येक घट ४.२ व्होल्टपर्यंत चढतो आणि बेरीज ५४.६ व्होल्ट होते.

समजा, तिच्यावर '४८ व्होल्ट, २४ अँपिअर-तास' असे लिहिले आहे. दोन्ही आकड्यांचा गुणाकार करा. ११५२ वॅट-तास, म्हणजे सुमारे सव्वा युनिटहून किंचित कमी वीज. ज्यूलमध्ये हीच ऊर्जा ४१ लाखांवर जाते. एवढ्या ऊर्जेत सुमारे १४ लिटर पाणी ३० अंशांपासून उकळीपर्यंत तापवता येईल! आसनाखालच्या त्या पेटीत इतकी ऊर्जा गप्प बसलेली असते, हे आधी मनात पक्के करा.

चाक फिरते कसे?

खेळण्यातल्या मोटारीत कार्बनचे ब्रश असतात, ते प्रवाहाची दिशा बदलत राहतात. स्कूटरच्या चाकातील मोटारीला ब्रशच नसतात. तिच्यात तारेची वेटोळी स्थिर असतात आणि भोवतालचे कायमचुंबक चाकाबरोबर फिरतात. चुंबक नेमके कुठे आहेत ते पाहून योग्य वेटोळ्यात योग्य क्षणी प्रवाह सोडायचा, हे काम कंट्रोलर करतो. त्यासाठी त्यात मॉस्फेट नावाच्या अर्धवाहक कळा असतात. त्या सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतात.

पण चुंबक कुठे आहेत हे कंट्रोलरला कसे कळते? एडविन हॉल या अमेरिकन शास्त्रज्ञाला १८७९ साली असे आढळले, की प्रवाह वाहत असलेल्या पातळ पट्टीवर चुंबकीय क्षेत्र लावले, तर पट्टीच्या दोन कडांमध्ये थोडासा विद्युत्दाब निर्माण होतो. याला हॉल परिणाम म्हणतात. मोटारीत असे तीन हॉल संवेदक बसवलेले असतात. अ‍ॅक्सिलरेटरच्या मुठीतही एक असतो. मूठ पिळली की आतला छोटा चुंबक सरकतो, संवेदकाचा दाब वाढतो आणि 'आता जोर वाढव' हा निरोप कंट्रोलरकडे जातो.

म्हणून मोटारीतून दोन प्रकारच्या तारा बाहेर येतात: जोर वाहणाऱ्या तीन जाड तारा आणि निरोप वाहणाऱ्या काही बारीक तारा. ही खूण पुढे उपयोगी पडेल.

धक्का नाही, पण धोका आहे

तुम्ही म्हणाल, ५० व्होल्ट म्हणजे काही फार नव्हेत. घरातल्या २३० व्होल्टचा धक्का बसतो तसा याचा कुठे बसतो? खरे आहे. कोरड्या कातडीचा रोध बराच मोठा असतो, त्यामुळे ५० व्होल्टला शरीरातून फार थोडा प्रवाह जातो. पण एवढ्यावरून 'यात भिण्यासारखे काही नाही' असा निष्कर्ष काढला तर मोठी फसगत होईल. या बॅटरीचा खरा धोका उष्णतेचा आहे.

हिशोब करून पाहू. बॅटरीचा दाब ५२ व्होल्ट आहे आणि तिचा अंतर्गत रोध ०.१ ओहम आहे असे धरा. काम करताना हातातला पाना घसरला आणि बॅटरीच्या दोन्ही टोकांवर आडवा पडला. पान्याच्या टेकण्याच्या जागी रोध ०.०१ ओहम धरू. एकूण रोध झाला ०.११ ओहम. ओहमच्या नियमाप्रमाणे प्रवाह येतो ५२ ÷ ०.११, म्हणजे सुमारे ४७० अँपिअर! आता ज्यूलचा नियम लावा. प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे ४७० × ४७० × ०.०१. उत्तर येते सुमारे २२०० वॅट. कपड्यांच्या दोन इस्त्र्यांची उष्णता एका ठिपक्याएवढ्या जागी! धातू क्षणात वितळतो, त्याचे थेंब उडतात. बोटात अंगठी किंवा हातात कडे असेल आणि तेच मध्ये सापडले, तर काय होईल ते सांगायला नको.

म्हणून पहिला नियम: काम करणाऱ्याने अंगठी, कडे, घड्याळ, साखळी आधी काढून ठेवावी. हत्यारांच्या दांड्यांवर रबरी किंवा प्लॅस्टिकचे आवरण असावे. आणि तुम्ही विद्यार्थी असाल तर हे काम घरातील जाणत्या माणसाच्या देखतच, त्याच्या हाताखाली करावे.

हत्याराला हात लावण्याआधी

गाडी मोकळ्या, कोरड्या जागी सपाट जमिनीवर मुख्य स्टँडवर लावा. मागचे चाक अधांतरी असले पाहिजे. हे विसरू नका. चाक जमिनीवर असताना दोष अचानक दूर झाला, तर गाडी पुढच्या भिंतीवर जाऊन आदळेल. चार्जर लावलेला असेल तर काढा. किल्ली बंद करून खिशात ठेवा. आसनाखाली एमसीबी असेल तर तीही खाली पाडा. बॅटरी काढता येण्याजोगी असेल तर ती काढून बाजूला ठेवा. मग पाच मिनिटे थांबा. कंट्रोलरमध्ये मोठी धारित्रे असतात आणि बॅटरी तोडल्यावरही त्यांत काही वेळ विद्युत्भार साठून राहतो.

आता नाकाचा आणि डोळ्यांचा उपयोग करा. करपल्याचा किंवा गोडसर, रसायनासारखा वास येतो का? बॅटरीची पेटी फुगली आहे का? तिच्यावर डाग, भेग, ओल आहे का? ती हाताला गरम लागते का? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर 'होय' असेल, तर दुरुस्ती तिथेच थांबवा. गाडी घरापासून दूर उघड्यावर न्या आणि अधिकृत दुरुस्ती केंद्राला कळवा.

लक्षणांवरून रोगाची परीक्षा

डॉक्टर आधी नाडी पाहतात, मग औषध देतात. आपणही तसेच करू. खालील बहुतेक तपासण्यांना पेटी उघडावी लागत नाही.

१. किल्ली फिरवली तरी एकही दिवा लागत नाही. वीज बॅटरीतून पुढेच येत नाही. एमसीबी पडली आहे का, बॅटरीचा जाड कनेक्टर पूर्ण बसला आहे का, ते पाहा. एमसीबी एकदा वर करून पाहण्यास हरकत नाही. पण ती लगेच पुन्हा पडली तर तिला जबरदस्तीने वर धरू नका. कुठेतरी तारा एकमेकींना भिडल्याचे ती सांगते आहे. फ्यूज उडाला असेल तर त्याच क्षमतेचा नवा घाला. फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळणे म्हणजे घराच्या पहारेकऱ्याला झोपेची गोळी देणे होय.

२. दिवे लागतात, भोंगा वाजतो, पण चाक फिरत नाही. मागचा ब्रेकचा दिवा पाहा. ब्रेक दाबलेला नसतानाही तो जळतो आहे का? मग रोग सापडला! ब्रेक दाबला की मोटारीचा प्रवाह तोडणारी एक छोटी कळ ब्रेकच्या दांडीत असते. धुळीने ती अडकली की कंट्रोलरला वाटते, चालकाने ब्रेक धरला आहे. मग तो बिचारा मोटार चालू कसा करील? दांडी चार-सहा वेळा दाबून सोडा, कळेभोवतीची धूळ कोरड्या ब्रशने झटका. बाजूच्या स्टँडलाही अनेक गाड्यांत अशीच कळ असते, तीही पाहा. या दोन्ही दुरुस्त्यांना पैसाही लागत नाही.

३. चाक झटके देते, घरघरते, पण नीट फिरत नाही. तीन हॉल संवेदकांपैकी एकाचा निरोप पोहोचत नसावा किंवा तीन जाड तारांपैकी एक सुटली असावी. मागच्या चाकापासून येणाऱ्या तारा उड्या खाऊन, दगड लागून घासल्या जातात. बॅटरी काढलेली असताना त्या नुसत्या डोळ्यांनी तपासा. आवरण सोलले असेल किंवा कनेक्टर वितळला असेल तर गाडी चालवू नका. हे काम कारागिराचे आहे.

४. गाडी बंद असतानाही चाक हाताने जड फिरते. ही तपासणी मला फार आवडते, कारण तिच्यात लेन्झचा नियम हाताला जाणवतो. चाक हाताने फिरवले की चुंबक वेटोळ्यांवरून जातात आणि मोटार जनित्र बनते. मंडल उघडे असेल तर प्रवाह वाहत नाही आणि चाक सहज फिरते. चुंबकांमुळे हलके टप्पे जाणवतात एवढेच. पण कंट्रोलरमधली एखादी मॉस्फेट जळून कायमची जोडली गेली असेल, तर मंडल पूर्ण होते, प्रवाह वाहतो आणि तो आपल्या कारणालाच विरोध करतो. चाक कुणी आतून धरून ठेवल्यासारखे अडत अडत फिरते. ब्रेकची पट्टी घासत नाही ना, याची खात्री करून घ्या. मग संशय कंट्रोलरवर किंवा जाड तारांवर घ्यायला हरकत नाही.

५. सपाटीवर चालते, पण चढावर दम तोडते. उड्डाणपुलाच्या चढावर मोटार जास्त प्रवाह मागते. माळेतला एखादा घट अशक्त झाला असेल, तर नेमका त्याच वेळी त्याचा दाब कोसळतो आणि बॅटरीतील पहारेकरी पट्टी, जिला बीएमएस म्हणतात, ती सारा प्रवाह तोडते. बैलजोडीतला एक बैल थकला की गाडी त्याच्याच चालीने चालते ना, तसेच हे. उपाय दुरुस्ती केंद्रातच होतो.

ढिल्या जोडाची करामत

सर्वांत साधा दिसणारा आणि म्हणूनच दुर्लक्षिला जाणारा दोष म्हणजे ढिला कनेक्टर. चांगल्या घट्ट जोडाचा रोध ०.००१ ओहम धरा. ३० अँपिअर प्रवाह असताना तेथे ३० × ३० × ०.००१, म्हणजे एक वॅटहूनही कमी उष्णता निर्माण होते. आता धुळीने, गंजाने आणि धक्क्यांनी तो रोध ०.१ ओहम झाला असे समजा. उष्णता होईल ९० वॅट! डाग देण्याची छोटी लोखंडी इस्त्री २५ वॅटची असते, हे तुम्हाला ठाऊक असेल. तिच्या तिप्पट-चौपट उष्णता त्या प्लॅस्टिकच्या कनेक्टरात कोंडली की तो मऊ होतो, काळा पडतो, आणखी ढिला होतो आणि रोध आणखी वाढतो.

म्हणून महिन्यातून एकदा बॅटरी काढून तिचा कनेक्टर पाहावा. पितळी टोके चकचकीत हवीत. तपकिरी डाग, वितळल्याची खूण, हिरवट पापुद्रा दिसला तर कनेक्टर बदलून घ्यावा. नुसता दाबून, वर टेप गुंडाळून काम भागवू नये. टेपने कनेक्टर हलायचा थांबेल, पण त्याचा रोध कमी होणार नाही.

जेथे हात आवरायचा

आता दोन वस्तू अशा, की ज्या घरी कधीही उघडायच्या नाहीत: चार्जर आणि बॅटरी.

चार्जरच्या आत घरातला २३० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह येतो. त्याचे शिखर २३० × १.४१४, म्हणजे सुमारे ३२५ व्होल्ट. हा दाब आतील धारित्रात साठतो आणि पिन सॉकेटमधून उपसल्यावरही काही काळ राहू शकतो. इथे मात्र धक्का बसतो, आणि तो जिवावर बेततो.

बॅटरीची गोष्ट वेगळी. लिथियम-आयन घटात धनाग्र आणि ऋणाग्र यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा केसाहूनही पातळ पडदा असतो आणि भोवती ज्वालाग्राही द्रव असतो. घट चेपला, भोसकला किंवा प्रमाणाबाहेर भरला गेला तर तो आतल्या आत तापू लागतो. ८०-९० अंशांच्या पुढे आत उष्णता देणाऱ्या रासायनिक क्रिया सुरू होतात. १३० अंशांच्या सुमारास पडदा वितळतो आणि दोन्ही अग्रे एकमेकांना भिडतात. त्यापुढे काही प्रकारच्या घटांत धनाग्रातूनच ऑक्सिजन सुटू लागतो. म्हणजे आगीला हवा बाहेरून मिळालीच पाहिजे असेही राहत नाही! एक घट शेजारच्याला तापवतो, तो पुढच्याला. अशी माळच्या माळ पेटते.

हे केवळ पुस्तकातले नाही. २६ मार्च २०२२ रोजी पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली एक विद्युत् स्कूटर पेटली. ९ एप्रिल २०२२ रोजी नाशिकमध्ये कंटेनरमधून न्यायच्या चाळीस स्कूटरपैकी वीस जळाल्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला आणि तेथे झोपलेला सात वर्षांचा मुलगा भाजून दगावला. या वर्षाच्या अनुभवानंतर केंद्र सरकारने बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कडक केले; ते १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. नियम झाले तरी घरातली काळजी आपणच घ्यायची असते.

काळजी कोणती? गाडीबरोबर आलेलाच चार्जर वापरावा. ४८ व्होल्टच्या बॅटरीला ६० व्होल्टचा चार्जर 'पिन बसते ना' म्हणून लावू नये. माणसे झोपतात त्या खोलीत, जिन्याखाली किंवा घराच्या एकुलत्या एका दाराशी बॅटरी चार्जिंगला लावू नये. आग लागलीच तर बाहेर पडण्याची वाटच बंद होते. रात्रभर लावून झोपू नये.

नागपूरकरांना आणखी एक सांगणे आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. उन्हात उभ्या केलेल्या गाडीची पेटी याहूनही तापते. बाहेरून आल्याबरोबर चार्जर लावण्याऐवजी गाडी सावलीत अर्धा-एक तास निवू द्यावी. कूलरसमोर ठेवून तिच्यावर पाण्याचे तुषार उडवण्याची युक्ती मात्र करू नये!

पाण्याचेही तसेच. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात अतिवृष्टी झाली, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, ते तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. अशा पुरात बुडालेली विद्युत् स्कूटर बाहेरून वाळली म्हणजे बरी झाली असे समजू नका. पुराच्या पाण्यात क्षार विरघळलेले असतात, त्यामुळे ते वीज वाहते. पेटीत शिरलेले पाणी घटांच्या टोकांमध्ये वाट तयार करते, तांबे खाते, आणि दोष काही दिवसांनीही उफाळू शकतो. बुडालेली गाडी चालू करू नये, चार्जिंगला तर मुळीच लावू नये. ती घरापासून दूर, उघड्यावर ठेवून जाणकाराला बोलवावे.

पेट घेतलाच तर

बॅटरीतून सूं-सूं आवाज, पांढरा-करडा धूर निघू लागला की क्षणाचाही विचार न करता सर्वांनी बाहेर पडावे. त्या धुरात हायड्रोजन फ्लुओराइडसारखे विषारी वायू असतात. गाडी वाचवायला, बॅटरी ओढून काढायला कुणी आत जाऊ नये. मुख्य कळ वाटेत असेल तरच बंद करावी आणि १०१ किंवा ११२ या क्रमांकावर कळवावे. 'लिथियम बॅटरी पेटली आहे' हे आवर्जून सांगावे. अशी बॅटरी निववायला भरपूर पाणी लागते आणि विझल्यासारखी दिसली तरी ती काही तासांनी पुन्हा पेटू शकते. आग विझवणे हे एक शास्त्र आहे. ते शिकवणारे राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय १९५७ पासून आपल्या नागपुरातच आहे. ते काम प्रशिक्षित जवानांवर सोपवावे.

करून पाहा

बॅटरी 'म्हातारी' होते म्हणजे काय, हे समजायला स्कूटरला हात लावण्याची गरज नाही. टॉर्चचा एक नवा घट, एक बराच वापरलेला घट, टॉर्चचा छोटा दिवा आणि एक मल्टिमीटर घ्या. प्रथम दिवा न जोडता दोन्ही घटांचा दाब मोजा आणि लिहून ठेवा. मग दिवा जोडून, तो जळत असताना पुन्हा मोजा. जुन्या घटाचा दाब किती उतरला? समजा तो १.५ वरून १.२ व्होल्ट झाला आणि प्रवाह ०.३ अँपिअर होता. तर अंतर्गत रोध ०.३ ÷ ०.३, म्हणजे १ ओहम. नव्या घटाचा काढा आणि तुलना करा. घटाची टोके नुसत्या तारेने मात्र जोडू नका, आणि हा प्रयोग स्कूटरच्या, मोबाइलच्या किंवा इन्व्हर्टरच्या बॅटरीवर अजिबात करू नका.

आता दोन प्रश्न तुमच्यासाठी. एक: सपाटीवर १५ अँपिअर घेणारी स्कूटर चढावर ३० अँपिअर घेऊ लागली, तर ढिल्या जोडातली उष्णता किती पट होईल? दोन: वापरलेल्या घटाचा दाब दिवा न जोडता मोजला, तर तो नव्याच्या जवळपास का दिसतो? वहीत उत्तरे लिहा आणि वर्गात आपल्या विज्ञानाच्या शिक्षकांना दाखवा. ती बरोबर आली, तर पुढच्या वेळी स्कूटर रुसल्यावर पाना घेऊन सरसावणाऱ्या काकांना 'आधी अंगठी काढा आणि ब्रेकचा दिवा पाहा' असे तुम्ही कारणासह सांगू शकाल.